अंगण वाकडं असतंच, पण किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मास्टर्सला अमेरिकेत आलेल्या एका मुलाने विचारलंय की काका, शनिवारी आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम बाहेरगावी ७४-६९ हरली, त्यांना फाऊलबद्दल २९ फ्री थ्रो आणि आम्हाला १२, शेवटच्या मिनिटात आमच्या सगळ्यात भारी प्लेयरची बास्केट रद्द करून वर त्याच्यावरच चार्ज (जागेवर उभ्या डिफेन्डरला धडकल्याचा फाऊल) दिला, कोच ओरडला तर त्याला टेक्निकल (गैरवर्तनाचा फाऊल, त्यावर समोरच्याला फ्री थ्रो), ग्रुपवर दोन दिवस नुसता राडा चालू आहे, अर्धे म्हणतायत रेफरी विकलेले होते आणि अर्धे २०१४ ची सिरॅक्यूज आणि ड्यूक या दोन कॉलेजांच्या मॅचची क्लिप टाकून म्हणतायत बघा, तेव्हापासून हेच चालू आहे. तुम्ही रेफरी होतात, खरं काय ते सांगा.

होतो बाबा. महाराष्ट्रात जिल्हा आणि राज्य पातळीवर बारा वर्षं, मग इकडे आल्यावर शाळांच्या आणि छोट्या कॉलेजांच्या मॅचेस चौदा सीझन, शेवटी गुडघ्यानेच राजीनामा दिला म्हणून शिट्टी खुंटीला टांगली. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या मॅचेसपर्यंत मी कधी पोचलो नाही हे आधीच सांगतो, पण चार्ज की ब्लॉक (म्हणजे चूक वाट अडवणाऱ्या डिफेन्डरची) हा निर्णय सगळीकडे तेवढ्याच वेळात घ्यायचा असतो, म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. तुमच्या टीमचं नाव मुद्दाम घेत नाही. मॅच मात्र मी रेकॉर्डिंगवर पूर्ण बघितली, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. हे आवाजाचं का, ते पुढे येईलच.

आधी ते २९ आणि १२ सोडवू, कारण ग्रुपवरचे निम्मे मेसेज त्या एका आकड्यावर उभे आहेत. चार्ज दिला तेव्हा ४१ सेकंद बाकी होते आणि स्कोअर ६६-६४, तुम्ही दोनने मागे. तिथून पुढे त्यांनी किती फ्री थ्रो मारले? दहा. दोन तुमच्या कोचच्या टेक्निकलचे आणि आठ तुम्ही स्वतःहून ठरवून केलेल्या फाऊलचे, कारण घड्याळ थांबवायला दुसरा उपाय नव्हता. हे आठ रेफरीच्या खात्यात कसे टाकणार, तुमचाच प्लेयर त्या पोराला मिठी मारतोय आणि रेफरीने काय शिट्टी वाजवायची नाही? तर उरले १९ विरुद्ध १२. तुमच्या टीमने एकूण ५८ शॉट मारले त्यातले ३१ तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून. लांबून मारणाऱ्याला फाऊल कमीच मिळतात, धक्काबुक्की रिंगखाली होते आणि त्यांचा तो सेंटर अख्खा वेळ रिंगखालीच पाठ लावून उभा होता. म्हणजे १९-१२ मधलाही बराचसा फरक खेळण्याच्या पद्धतीचा आहे.

बराचसा म्हणतोय, सगळा म्हणत नाही. तुमचं खरं गाऱ्हाणं कुठे आहे ते सांगतो, आणि ते ग्रुपवर एकानेही मांडलेलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये १३ मिनिटं २० सेकंद बाकी असतानाच तुमचा सातवा टीम फाऊल झाला होता. आपल्याकडे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमाने खेळलेल्यांसाठी सांगतो, इथे कॉलेजच्या पुरुषांच्या मॅचमध्ये दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर नसतात, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात आणि एका हाफमध्ये टीमचा सातवा फाऊल झाला की समोरच्याला वन-अँड-वन मिळतो, म्हणजे पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा, आणि दहाव्यापासून सरळ दोन. त्यामुळे सातवा फाऊल तेरा मिनिटं आधी होणं आणि चार मिनिटं आधी होणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुढच्या प्रत्येक बारीकसारीक धक्क्याला त्यांचा माणूस रेषेवर जाऊन उभा राहतो, तुमचे डिफेन्डर हात आखडून खेळायला लागतात, आणि हात आखडले की ड्राइव्ह (रिंगकडे घुसायची वाट) मोकळी मिळते. त्या सातपैकी दोन फाऊल रिंगपासून पार तीस फुटांवर, गार्डच्या कमरेला हात लागला म्हणून दिलेले. नियमाने बरोबर आहेत. पण त्याच हाफमध्ये त्यांच्या गार्डने तुमच्या पोराच्या कमरेला तसाच हात लावलेला मी चार वेळा मोजला, एकदाही शिट्टी नाही.

हा झाला अंगणाचा वाकडेपणा. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण हरलेल्याला टोमणा म्हणून म्हणतो, पण बाहेरगावच्या मैदानात अंगण खरंच थोडं कललेलं असतं, त्यात खोटं काही नाही. भांडण फक्त किती कललेलं आणि कुठल्या कोपऱ्यात यावर आहे, आणि लोक बरोब्बर चुकीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात, शेवटच्या शिट्टीकडे.

आता त्या २०१४ च्या क्लिपकडे येतो, कारण ती तुमच्या ग्रुपवर फिरतेय आणि टाकणाऱ्यांना मागचा पुढचा संदर्भ माहीत नसावा असं दिसतंय.

तारीख २२ फेब्रुवारी २०१४. सिरॅक्यूज सीझनच्या सुरुवातीपासून सलग २५ मॅच जिंकून आलेली, देशात पहिला नंबर, आणि त्याच आठवड्यात बॉस्टन कॉलेजकडून घरच्या मैदानावर ओव्हरटाइममध्ये सीझनमधली पहिली मॅच हरलेली. मॅच ड्यूकच्या कॅमेरन इनडोअरला. हे मैदान १९४० सालचं, जेमतेम नऊ हजारांवर माणसं मावतात, पण पोरं कोर्टाला इतकी चिकटून उभी असतात की बॉल साइडलाइनवरून आत टाकणाऱ्याच्या कानात ओरडतात. शेवटची १०.४ सेकंद बाकी, ड्यूक ६०-५८ पुढे. सिरॅक्यूजचा सी. जे. फेअर बेसलाइनच्या बाजूने घुसला. मदतीला ड्यूकचा रॉडनी हूड आत सरकला. फेअरने बॉल दोन्ही हातात गोळा केला, वर निघाला, धडक झाली, बॉल रिंगमध्ये, हूड जमिनीवर, शिट्टी. सिरॅक्यूजच्या लोकांना वाटलं बास्केट मोजली, ६०-६०, वर एक फ्री थ्रो. रेफरीने हात डोक्यामागे नेला आणि चार्ज दिला. बास्केट रद्द, बॉल ड्यूकला.

पुढचं तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सिरॅक्यूजचे कोच जिम बेहाइम, वय ६९, कोट अंगावरून ओढून काढत कोर्टाच्या आत धावत गेले आणि रेफरीच्या तोंडासमोर जाऊन जे काय बोलायचं ते बोलले, दोन टेक्निकल, हकालपट्टी. इतक्या वर्षांच्या करियरमध्ये नियमित सीझनच्या मॅचमधून त्यांना बाहेर काढायची ती पहिलीच वेळ. ड्यूकच्या क्विन कुकने चारपैकी तीन फ्री थ्रो घातले, ६३-५८, मॅच तिथेच संपली. शेवटी ६६-६०.

आता कॉल बरोबर होता का? यासाठी त्या वर्षीचा नियम माहीत पाहिजे, आणि गंमत तिथेच आहे. आदल्या सीझनला कॉलेज बास्केटबॉलमध्ये टीमचा सरासरी स्कोअर ६७.५ पर्यंत घसरला होता, तीसेक वर्षांतला नीचांक, सगळे ओरडत होते की हा खेळ आहे का कुस्ती. म्हणून २०१३-१४ ला दोन गोष्टी कडक केल्या. एक, ड्रिबल करणाऱ्याला हात लावणं. दुसरी, चार्ज. तोवर नियम असा की अटॅक करणारा हवेत जायच्या आधी डिफेन्डर जागेवर उभा असेल तर चार्ज. नवा नियम असा की अटॅक करणाऱ्याने बॉल घेऊन वरच्या दिशेने हालचाल सुरू केली की त्यानंतर डिफेन्डरने त्याच्या वाटेत यायचंच नाही, आला तर ब्लॉक. फरक किती वेळाचा? बॉल छातीशी गोळा करणं आणि पाय जमिनीवरून सुटणं, याच्यामधलं जे काय असतं तेवढा. सेकंदाचा एक तुकडा.

पण रेफरीच्या डोळ्याला वर्षानुवर्षांची सवय असते रे. माझे डोळे पायाकडे जायचे, कारण शिकवलंच तसं होतं, पाय उचलला तेव्हा छाती समोर होती का, बस. आता अचानक म्हणतात हात बघ, बॉल वर निघाला का ते बघ. नोव्हेंबरमध्ये जमतं, डिसेंबरमध्ये जमतं, आणि फेब्रुवारीत कॅमेरनमध्ये १०.४ सेकंद बाकी असताना शरीर जुन्या सवयीवर जातं. माझं मत विचारशील तर त्या सीझनच्या नियमाने तो ब्लॉक होता, हूड सरकायच्या आत फेअर वर निघालेला दिसतो. आदल्या वर्षीच्या नियमाने तोच चार्ज म्हणून खपला असता. आणि आणखी गंमत म्हणजे पुढच्याच सीझनला, २०१४-१५ ला, तो नियम परत मागे घेतला, पुन्हा हवेत जायच्या आधीवर आले, कारण कोणालाच तो नीट जमेना. नंतर २०२३-२४ ला परत बदलला, आता अटॅक करणाऱ्याने उडी मारण्यासाठी पाय रोवला त्या क्षणी डिफेन्डर जागेवर हवा. दहा वर्षांत एकाच धडकेची तीन वेगवेगळी उत्तरं झाली आणि आपण क्लिपवर बोट ठेवून म्हणतो, डोळे फुटलेत का याचे.

(तुमच्या शनिवारच्या कॉलबद्दल, या २०२३ नंतरच्या नियमाने: मी पंचवीस वेळा मागे-पुढे करून बघितलं. तुमच्या पोराने डावा पाय रोवला तेव्हा त्यांच्या डिफेन्डरचा उजवा पाय अजून सरकत होता. ब्लॉक द्यायला हवा होता. पण मला हे कळायला पंचवीस वेळा लागले आणि हातात पॉज बटण होतं.)

आणखी एक गोष्ट त्या क्लिपवाल्यांना सांग. त्याच्या तीनच आठवडे आधी, १ फेब्रुवारीला, ड्यूक सिरॅक्यूजला खेळायला गेली होती. त्यांच्या डोममध्ये, म्हणजे छत असलेल्या स्टेडियममध्ये, ३५,४४६ माणसं, कॉलेजच्या कॅम्पसवरच्या मैदानातला त्या वेळचा विक्रम. ओव्हरटाइम, आणि सिरॅक्यूज ९१-८९ ने जिंकली. त्या ओव्हरटाइमच्या शेवटच्या सेकंदांत हाच रॉडनी हूड डंक मारायला उडाला, सिरॅक्यूजचा रकीम ख्रिसमस आडवा आला, धक्का लागला, डंक हुकला, आणि शिट्टी नाही. ड्यूकवाले आजही म्हणतात तो फाऊल होता. म्हणजे एकाच जोडीच्या दोन मॅचेस, दोन्हीकडे शेवटचा वादाचा कॉल घरच्यांच्या बाजूने, आणि दोन्ही प्रसंगी मध्यभागी तोच हूड! पण सिरॅक्यूजच्या माणसाला दुसरीच मॅच आठवते. आपल्यावरचा अन्याय पाठ असतो, आपल्या फायद्याचा विसरायला एक रात्र पुरते.

आता विकलेले रेफरी. असतात का? असतात, खोटं कशाला बोलू. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये टिम डोनाघी हा रेफरी होता, जुगाराच्या प्रकरणात २००७ ला गुन्हा कबूल केला, २००८ ला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. पण तो सापडला एफबीआयच्या तपासात, गुन्हेगारी टोळ्यांच्या मागावर असताना त्यांना धागा लागला म्हणून. विकलेला माणूस असा भर चौकात, १०.४ सेकंद बाकी असताना, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर चोरी करत नाही. त्यामुळे पुराव्याशिवाय हा शब्द वापरू नका, कोणाच्या तरी पोटापाण्याचा प्रश्न आहे. हे कॉलेजचे रेफरी पगारी नोकर नसतात, मॅचगणिक पैसे, आज या गावी उद्या विमानाने त्या गावी, आणि प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग वरचा माणूस बघतो, कॉल खराब निघाले की पुढच्या चांगल्या मॅचेस मिळत नाहीत.

मग अंगण वाकडं होतं कशामुळे? मुख्यतः आवाजामुळे. यावर अभ्यास झालेत. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक, फुटबॉलवरचा: चाळीस पात्र रेफरींना लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरच्या एका मॅचमधले ४७ टॅकल दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासह, बाकीच्यांना मुक्याने. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या टीमवर १५.५ टक्के कमी फाऊल दिले. तेच टॅकल, तोच व्हिडिओ, आणि बसलेत खोलीत खुर्चीवर, कोणी त्यांना शिव्यासुद्धा देत नाहीये. दुसरा अभ्यास खास आपल्या विषयाचा, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा, २००४-०५ सीझनच्या ३६५ मॅचेसचा. त्यात पाहुण्यांवर जास्त फाऊल पडतात हे तर निघालंच, पण त्याहून भारी म्हणजे रेफरी नकळत हिशोब जुळवतात. घरच्या टीमचे फाऊल पाहुण्यांपेक्षा पाचने किंवा जास्त पुढे गेले असतील तर पुढचा फाऊल पाहुण्यांवर पडायची शक्यता ६९ टक्के. म्हणजे बोर्डावरचा फाऊलचा आकडा विचित्र दिसायला लागला, गर्दी आकडा दाखवून ओरडायला लागली, की शिट्टी आपोआप दुसरीकडे वळते. कोणी ठरवत नाही. ठरवून केलं असतं तर पकडायला सोपं गेलं असतं.

हे मला अभ्यास वाचायच्या कितीतरी आधी माहीत होतं, कारण मी केलंय.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात इंटरकॉलेज स्पर्धा होती, नाव नको. सिमेंटचं कोर्ट, ऑइलपेंटच्या रेषा उन्हाने उडालेल्या, आणि गर्दी इतकी की पोरं साइडलाइनवर पाय ठेवूनच बसलेली, बॉल बाहेर गेला की त्यांच्याच मांडीवर पडायचा. एका कोपऱ्यात ढोल. दोनच रेफरी, मी आणि एक सीनियर. पाहुणी टीम शेजारच्या जिल्ह्यातली, शेवटचं मिनिट, एकने पुढे. त्यांचा एक काटकुळा पोरगा, पायात फाटके कॅनव्हासचे बूट, डावीकडून घुसला, ले-अप टाकला, आणि घरच्या टीमचा आडदांड सेंटर उशिरा, अगदी उशिरा सरकून त्याच्या आडवा आला. दोघं पडले. बॉल आत गेला होता. मी रिंगखाली, चार हातांवर, सगळं स्पष्ट दिसत होतं. आणि त्या क्षणी अख्खं मैदान एका सुरात ओरडलं, चार्ज! मी शिट्टी वाजवली आणि चार्ज दिला.

नंतर कितीदा तरी आठवून बघितलं, क्रम नेहमी तोच. आवाज आधी आला, शिट्टी नंतर. माझ्या मनात त्या दोघांच्या मध्ये दुसरं काहीच नव्हतं, ना भीती, ना घरच्यांना जिंकवायचा विचार. फक्त एक खात्री, की हा चार्ज आहे. पूर्ण खात्री. ती खात्री कुठून आली हे मला रात्री एसटीत बसल्यावर कळलं.

पाहुणी टीम हरली. त्यांचे पीटीचे सर, पांढरी टोपी घातलेले, स्कोअरशीटवर सही करायला आले. मला वाटलं आता भांडणार. सही केली, पेन खिशाला लावलं आणि हळूच विचारलं, "सर, शिट्टी तुमचीच होती ना?" आणि गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो.

यावरून कोचच्या टेक्निकलकडे येतो, कारण तुम्ही लोक कॉलवर चारशे मेसेज केलेत आणि टेक्निकलवर चारसुद्धा नाहीत. २०१४ चं गणित पुन्हा मांड. चार्ज दिला, मान्य की चुकीचा दिला. ड्यूक ६०-५८, बॉल ड्यूककडे, १०.४ सेकंद. लगेच फाऊल करायचा, ड्यूकने एक-दोन फ्री थ्रो घातले तरी तीन-चार पॉइंटचा फरक आणि सात-आठ सेकंद हातात. अवघड आहे, पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये यापेक्षा वाईट जागेवरून मॅचेस फिरल्यात. त्याच १ फेब्रुवारीच्या मॅचमध्ये ड्यूकच्या रशीद सुलेमानने वेळ संपता संपता थ्री मारून ओव्हरटाइमला नेली नव्हती का? पण दोन टेक्निकल म्हणजे चार फ्री थ्रो, शिवाय बॉल ड्यूककडेच. तीन पॉइंट बसल्या जागी गेले. कॉलने सिरॅक्यूजची बरोबरीची बास्केट घेतली, टेक्निकलने उरलेली आशा घेतली.

तुमचंही तेच झालं. ६६-६४, ४१ सेकंद, शॉट क्लॉक ३० चा (तेवढ्या सेकंदांत शॉट मारावाच लागतो), म्हणजे फाऊल न करता एक डिफेन्स नीट केला असता तरी दहा-अकरा सेकंद आणि बॉल तुमच्या हातात, दोनच पॉइंट मागे. पण कोच पाण्याची बाटली आपटून बसला आणि त्यांचे दोन्ही फ्री थ्रो आत गेले, ६८-६४, आणि मग फाऊल-फाऊल खेळण्याशिवाय काही उरलं नाही. काहीजण म्हणतील कोचने पोरांच्या बाजूने उभं राहायलाच पाहिजे. राहावं ना. पहिल्या हाफमध्ये राहावं. चांगले कोच रेफरीशी सहाव्या-सातव्या मिनिटापासून बोलत असतात, बॉल दुसरीकडे असताना, खालच्या आवाजात, की त्याच्या डाव्या हाताकडे जरा बघा, प्रत्येक वेळी कमरेवर आहे. असं कोणी नेमकं सांगितलं की मी पुढच्या वेळी नक्की बघायचो. चिडून नव्हे, उत्सुकतेने, की खरंच आहे का. आणि असला तर शिट्टी जायची. ते चार न दिलेले हँडचेक (कमरेवरचे हात) तुमच्या बेंचवरून कोणी मागितलेच नाहीत, मी आवाजासकट बघताना खास तेच ऐकत होतो.

कोणीतरी ग्रुपवर लिहिलंय की आता तर कोचला चॅलेंज मिळतो, मग का नाही वापरला. २०२५-२६ पासून कॉलेजच्या पुरुषांच्या मॅचमध्ये चॅलेंज आलाय खरा, पण बॉल कोणाचा बाहेर गेला, गोलटेंडिंग (रिंगमध्ये उतरणारा बॉल अडवणं), आणि मदतीला आलेला डिफेन्डर रिंगखालच्या अर्धवर्तुळात होता का (तिथे उभं राहून चार्ज मिळत नाही), एवढ्यापुरताच. धडकेत ब्लॉक की चार्ज हा निर्णय मॉनिटरवर जात नाही. तुमच्या केसमध्ये डिफेन्डर अर्धवर्तुळाच्या स्पष्ट बाहेर होता, चॅलेंज करून टाइमआउट फुकट गेला असता. इतकं तरी डोकं शाबूत होतं म्हणायचं.

आता मला विचारशील की काका, सगळं धरून आमच्यावर किती अन्याय झाला. माझा अंदाज, फक्त अंदाज, दोन ते चार पॉइंटचा. ते चार हँडचेक, तो लवकर आलेला सातवा फाऊल, आणि तो एक चार्ज. पाचने हरलात. म्हणजे काठावरची मॅच होती आणि काठावर असताना असं काही झालं की चिडचिड होणारच, मी सुद्धा चिडलो असतो. पण त्याच मॅचमध्ये तुमच्या पोरांनी १२ पैकी ६ फ्री थ्रो घालवले, समोर कोणी हात वर करून उभा नसताना, आणि १७ वेळा बॉल हातातून दिला. बाहेर खेळायला जाताना दोन-चार पॉइंट घरी ठेवूनच निघायचं असतं, कॉन्फरन्सच्या (आपल्या गटातल्या) मॅचेसमध्ये घरची टीम साधारण साठ टक्के वेळा जिंकते, हे काल सुरू झालेलं नाही. ज्यांना बाहेर जिंकायचंय ते सहाने चांगलं खेळायची तयारी करून जातात.

आणि हो, २०१४ चं पुढे काय झालं तेही क्लिप टाकणाऱ्यांना माहीत नसणार. सिरॅक्यूज त्यानंतर घसरतच गेली, सीझन २८ विजय आणि ६ पराभवांवर संपला, मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्याच मॅचला डेटनकडून ५५-५३ हरून घरी. ड्यूक तर पहिल्याच मॅचला मर्सरकडून ७८-७१. दोघंही आपापल्या विभागात तिसऱ्या मानांकनाचे. ज्या शिट्टीवर इतकी वर्षं भांडतायत तिचा महिनाभरानंतर कोणालाच उपयोग झाला नव्हता.

पुढच्या महिन्यात तीच टीम तुमच्याकडे येतेय ना? एक काम कर. वही घेऊन बस, दोन रकाने पाड. बॉलच्या मागे पळू नकोस, बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोरच्या डिफेन्डरला बघ, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. दुसऱ्या हाफची पहिली आठ मिनिटं कमरेवरचा प्रत्येक हात लिही, शिट्टी गेली तर फुली, नाही गेली तर गोल. दोन्ही टीमचे. तुमच्या पोरांचे गोलसुद्धा प्रामाणिकपणे लिही, आजूबाजूचे काय ओरडतायत ते न ऐकता, कानात बोळे घालावे लागले तरी घाल. आणि घरी गेलास की त्या पानाचा फोटो मला पाठव, मी माझं पान काढून ठेवतो, बघू किती जुळतंय.